रुग्ण म्हणजे कोण? : संगणकीकरणापूर्वीचा एक अभ्यास

प्रत्येक वार्षिक अहवालात आम्ही बाह्यरुग्णांची संख्या देत आलो आहोत. अहवाल वर्षात नोंदींच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतले, तेव्हा ध्यानी आले की तो आकडा वस्तुतः केसपेपरांचा होता. एकच व्यक्ती वर्षात चारदा आली आणि जुना कागद घरी विसरली, तर आमच्या लेखी चार रुग्ण झाले. ही उणीव हितचिंतकांपुढे मोकळेपणाने मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एक प्रसंग नमूद करतो. दुसऱ्या बाळंतपणासाठी एक भगिनी दाखल झाल्या. पहिले बाळंतपण माहेरपणात याच रुग्णालयात झाले होते व तो कागद वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने होता. त्यावर लाल शाईत पेनिसिलीनच्या ॲलर्जीची नोंद होती. सासरच्या नावाने काढलेल्या नव्या कागदावर तो रकाना कोरा राहिला. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या आईने वेळीच सिस्टरांना सांगितले, म्हणून अनर्थ टळला. दोन्ही कागद आमच्याच कपाटात होते; ते एकाच स्त्रीचे आहेत, हे मात्र आमच्या कोणत्याही वहीला ठाऊक नव्हते.

वसईत ही अडचण अधिक जाणवते. निर्मळ, गिरीज, नंदाखाल या पट्ट्यात तीच बाप्तिस्म्याची नावे आणि तीच मोजकी आडनावे पुन्हा पुन्हा भेटतात. पूर्वेकडील पाड्यांवरून येणाऱ्या अनेक वृद्धांना स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही, तर नालासोपारा-विरारच्या भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबांचे पत्ते व मोबाइल क्रमांक वरचेवर बदलतात. म्हणून नाव, पत्ता, दूरध्वनी यांपैकी कशावरही रुग्णाची ओळख सोपवता येत नाही. प्रत्येक व्यक्तीस एकदाच व कायमचा क्रमांक द्यायचा आणि माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे त्याच क्रमांकाखाली ठेवायची, असे ठरले. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक असल्यास तोही नोंदवू. परंतु तो नसल्यास कोणाचीही नोंदणी अडणार नाही.

या कामात आमचा समज असा होता की संगणक आणला, प्रणाली बसवली की झाले. प्रणाली तयार करणाऱ्या तंत्रज्ञांनी आरंभीच विचारले, “रुग्ण म्हणजे कोण?” नोंदणी खिडकीच्या मते कागद काढेल तो, वॉर्डात खाटेवर असेल तो, लेखा विभागात ज्याच्या नावे बिल फाटेल तो. नवजात अर्भकावर तर दोन दिवस खल झाला. निरोगी बाळ आईच्या कागदावर असते, पण अतिदक्षता कक्षात नेल्यास त्यास स्वतंत्र कागद लागतो, आणि मग आईशी असलेला त्याचा दुवा तुटतो. अखेर जन्मतःच स्वतंत्र क्रमांक व आईच्या क्रमांकाशी कायमचा दुवा, असा निर्णय झाला.

अशा विचारास एक रीतसर पद्धत आहे. पीटर चेन यांनी १९७६ साली ती मांडली. ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टींच्या चौकटी काढायच्या, त्या रेषांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेषेवर विचारायचे: एकास एक, एकास अनेक, की अनेकांस अनेक? जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर आमच्या मेट्रन, फार्मासिस्ट व लेखापाल यांनी या चौकटी काढल्या. त्यांतील ‘व्यक्ती’ व ‘भेट’ या दोन चौकटी वेगळ्या झाल्या, तेव्हाच आमचा जुना आकडा का फुगत होता ते उलगडले.

देणगीदारांशी संबंधित भाग सर्वांत कठीण ठरला. एका देणगीतून अनेकांस मदत मिळते, तशीच एका रुग्णाची शस्त्रक्रिया अनेकांच्या देणग्यांतून होते. देणगी वहीत रुग्णाचे नाव लिहून किंवा बिलावर देणगीदाराचे नाव लिहून हे भागत नाही. दोहोंच्या मध्ये ‘विनियोग’ ही तिसरी नोंद लागते: कोणत्या देणगीतून, कोणत्या बिलासाठी, कोणत्या दिवशी, किती रुपये. “आमचे पैसे कुठे गेले?” या प्रश्नास आजवर आम्ही गोळाबेरजेने उत्तर देत होतो, हे कबूल केले पाहिजे. यापुढे रुग्णाचे नाव गुप्त ठेवून नेमके उत्तर देता येईल.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. पात्रता मात्र ठरते कुटुंबाच्या उत्पन्नावर, म्हणून ‘कुटुंब’ ही चौकट वाढवावी लागली. उत्पन्नाची मर्यादाही वेळोवेळी बदलते. ती तारखेसह ठेवली नाही, तर जुन्या रुग्णास नवा नियम लागेल.

काही रकाने आम्ही काढूनही टाकले. जुन्या अर्जावर जातीचा रकाना होता. तो कशासाठी, हे कोणासही सांगता आले नाही.

पुढील अहवालात व्यक्ती व भेटी असे दोन आकडे स्वतंत्र असतील. पहिला आकडा आजवरच्या रुग्णसंख्येपेक्षा लहान दिसेल, याची विश्वस्त व देणगीदारांनी नोंद घ्यावी. रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती की नोंदणीस येताना घरातील जुने केसपेपर, फाटके असले तरी, सोबत आणावेत आणि भगिनींनी माहेरचे नाव आवर्जून सांगावे.