उमेदवारीची मुदत

निवडणूक आली की पारावर एकच प्रश्न असतो : तिकीट कुणाला? पक्ष अखेरच्या घटकेपर्यंत नाव राखून ठेवतात. नाराज मंडळींना दुसरीकडे जायला सवड मिळू नये, हा त्यातला हिशेब. पण कायदा त्यांना किती थांबू देतो, ते आज पाहू.

आपल्या हिंजवडीचेच घ्या. हे गाव भोर विधानसभा मतदारसंघात येते. २०२४ साली निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. अर्जाची अखेर २९ ऑक्टोबर, छाननी ३० ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत आणि मतदान २० नोव्हेंबरला. अर्ज दुपारी तीनपर्यंतच घेतात.

आता नुसता अर्ज देऊन भागत नाही. पक्षाच्या चिन्हासाठी 'ए' आणि 'बी' हे दोन नमुने लागतात. पहिल्यात सहीचा अधिकार कुणाला ते असते, दुसऱ्यात उमेदवाराचे नाव. तेही त्याच मुदतीत, शाईच्या मूळ सहीने. नक्कल चालत नाही. म्हणून तर २९ ऑक्टोबरला शिंदे यांच्या शिवसेनेने असे नमुने हेलिकॉप्टरने नाशिकला धाडले! शिवाय मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. नमुना पोचला नाही आणि सूचक एकच असला, तर अर्जच बाद.

कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी राजेश लाटकरांचे नाव दिले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपतींचे. लाटकरांनी अपक्ष अर्ज भरला. ४ नोव्हेंबरला मधुरिमाराजेंनी माघार घेतली. नवा अर्ज भरण्याची मुदत तर केव्हाच सरली होती. तिथे पक्षाचे 'हात' हे चिन्हच उरले नाही. अखेर पक्षाने प्रेशर कुकर चिन्हाच्या लाटकरांनाच पाठिंबा दिला. 'बी' नमुन्यात पर्यायी उमेदवाराच्या नावाला जागा असते, ती याचसाठी.

अमेरिकेत तर प्रत्येक राज्याची मुदत वेगळी. २०२४ मध्ये ओहायो राज्याची मुदत ७ ऑगस्ट होती आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन १९ ऑगस्टला. मुदत हुकू नये म्हणून पक्षाने प्रतिनिधींचे मतदान दुरूनच घेऊन ५ ऑगस्टला कमला हॅरिस यांची उमेदवारी पक्की केली.

पक्षांची ही ओढाताण चालते खरी, पण वेळ कुणाचा जातो? मतदाराचा. भोरमध्ये रिंगणात नक्की कोण, हे ४ नोव्हेंबरला ठरले. पारखायला उरले जेमतेम पंधरा दिवस. गुरुजींनी पुढच्या निवडणुकीच्या या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहाव्यात. मुले त्या घरी नेऊन सांगतील.