गेंटिंग हायलँड्स : ढगांतला बाजार आणि आमची टोकने

आमच्या घरात थंड हवेचे ठिकाण म्हणजे महाबळेश्वर-पाचगणी. एस.टी.ने जायचे, टेबललँडवर मुलांना घोड्यावर बसवायचे, चणे आणि चिक्की घेऊन परतायचे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मात्र दोन वर्षांच्या भिशीचे पैसे हाती आले आणि मुलांच्या हट्टापुढे आम्ही मान तुकवली. मलेशियाला जायचे ठरले. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला थोरला, तिसरीतली धाकटी आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी, असा आमचा काफिला. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यामुळे एजंटाचे पैसे वाचले. ही सवलत मुदतीची असते, म्हणून जाणाऱ्यांनी आधी खात्री करून घ्यावी.

क्वालालंपूरच्या उकाड्यात दोन दिवस काढल्यावर आम्ही गेंटिंगला निघालो. शहरापासून साधारण ५०-५५ किलोमीटर. बस आवाना नावाच्या ठाण्यावर सोडते आणि तिथून रोप-वे. पाळणा दहा मिनिटांत वर नेतो. खाली नुसते घनदाट जंगल, मध्येच डोंगराच्या कुशीत चिनी मंदिराचा उंच मनोरा, आणि मग अचानक काहीच दिसेनासे होते. ढग. अम्मींनी डोळे मिटून आयतुल कुर्सी सुरू केली होती ती वर पोचल्यावरच थांबली. ही जागा सुमारे सहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर दीडेक हजार फूट. स्वेटर हवाच. आमचे स्वेटर क्वालालंपूरच्या खोलीतच राहिले होते, तेव्हा पहिली खरेदी कोणती झाली हे सांगायला नको.

वर गाव असेल, बाजारपेठ असेल, पायी फिरता येईल अशी आमची कल्पना होती. तसे काही नाही. डोंगरमाथ्यावर एकाला एक जोडलेल्या प्रचंड इमारती आहेत आणि सगळे जग त्यांच्या आत आहे. मॉल, हॉटेले, सिनेमा, खाण्याची ठिकाणे, छपराखाली धावणारा रोलर कोस्टर. इथल्या एकाच हॉटेलात ७,३५१ खोल्या आहेत आणि जगातले सर्वांत जास्त खोल्यांचे हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली आहे. आमच्या शाळेची सगळी मुले त्यात राहायला गेली तरी बहुतेक मजले रिकामेच राहतील. छताखालच्या 'स्कायट्रोपोलिस'मध्ये लहान मुलांच्या पाळण्यांपासून मोठ्यांच्या पोटात गोळा आणणाऱ्या गाड्यांपर्यंत सगळे आहे. बाहेरचे 'स्कायवर्ल्ड्स' हे मोठे उद्यान २०२२ मध्ये सुरू झाले, पण त्या दिवशी धुके आणि पाऊस होता, त्यामुळे आम्ही आतच थांबलो. खाली आवानाजवळ नामवंत कंपन्यांच्या सवलतीच्या दुकानांची एक वसाहतच आहे. तिथली सवलत आपल्या पगाराला महागच पडते, पाहून आलो इतकेच.

खाण्यापिण्याबाबत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मलेशियात आहोत म्हणजे सगळीकडे हलालच मिळेल असे धरून चालू नये. सरकारी इस्लामी खाते 'जाकिम'चे हलाल चिन्ह दारावर आहे का ते पाहावे. काही ठिकाणी 'पोर्क नाही' एवढीच पाटी असते. ती हलालची पाटी नव्हे. नमाजची मात्र चिंता नाही. नमाजच्या खोलीला तिथे 'सुराऊ' म्हणतात आणि मॉलमध्येही ती असते. बायकांसाठी ओढायला स्वच्छ झगे टांगलेले होते. हॉटेलच्या खोलीत छतावर किब्ल्याचा बाण होता. अम्मींना या बाणाचे इतके कौतुक वाटले की घरी आल्यावर रोलर कोस्टरआधी त्यांनी बाणाचीच हकिकत सांगितली.

आता त्या दाराबद्दल.

मॉलमधून फिरताना एका वळणावर झगमगते प्रवेशद्वार लागले. बाहेर रखवालदार आणि पाटी. मुसलमानांना आणि २१ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. हा कॅसिनो. मलेशियातला कायदेशीर परवाना असलेला हा एकमेव. थोरला पाटी वाचत थबकला.

"अब्बू, आपण तर टुरिस्ट. आपल्यालाही बंदी?"

"पाटीवर देश लिहिलेला नाही, बेटा. मुसलमान लिहिले आहे."

अम्मींनी विचारले, आत काय आहे? सांगितले. त्यांनी मागे वळून त्या फिरत्या पाळण्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं त्याच्या पैशावर?"

याचे उत्तर आम्हाला देता आले नाही, कारण उत्तर बहुतांशी 'हो' असेच आहे. लिम गोह तोंग नावाचा एक चिनी ठेकेदार १९६४ मध्ये कॅमेरॉन हायलँड्स भागात जलविद्युत प्रकल्पाचे काम करत होता. तिथल्या थंड हवेत त्याला सुचले की राजधानीच्या जवळ असे ठिकाण हवे. डोंगरावर माणूस नव्हता, रस्ता नव्हता. रस्ता करण्यातच काही वर्षे गेली. १९६९ मध्ये पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांच्या हस्ते पायाभरणी झाली, त्याच वर्षी कॅसिनोचा परवाना मिळाला आणि १९७१ मध्ये पहिले हॉटेल उघडले. आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच. या कंपनीच्या स्थापनेत लिम यांचे भागीदार एक मुसलमान गृहस्थ होते, मोहम्मद नोआ. मलेशियन संसदेचे पहिले सभापती. त्यांचे दोन जावई पुढे देशाचे दुसरे आणि तिसरे पंतप्रधान झाले. गेंटिंगच्या डोंगरावर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानची मशीदही आहे. ज्या डोंगरावर अजान होते त्याच डोंगरावर फासे पडतात, आणि दोन्हीच्या मुळाशी एक नाव सापडते. यावर निवाडा देणे आमचे काम नाही. पण तिकिटे काढून आत आलेले आम्हीही त्या बाजाराचे गिऱ्हाईकच होतो, हे मनातून जाईना.

थोरल्याला उर्दूच्या तासासारखे थोडे सांगितले. कुरआनात जुगाराला 'मैसिर' म्हटले आहे आणि हा शब्द 'युस्र', म्हणजे सहजपणा, याच्याशी जोडला जातो. कष्टावाचून सहज येणारे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाचे हिस्से बाण काढून ठरवत आणि जिंकणारे ते मांस अनेकदा गरिबांना वाटून टाकत. म्हणूनच सूरह बकरामध्ये त्यात लोकांचा काही फायदा असल्याचे मान्य करून, गुनाह त्याहून मोठा असल्याचे बजावले आहे. मुलगा ऐकत होता. आम्हालाही बरे वाटले. बंद दारासमोर उभे राहून उपदेश करणे सोपे असते.

त्यानंतर तासाभराने धाकटी मुलांच्या खेळांच्या एका दालनात शिरली. तिथे एक काचेचे कपाट होते. टोकन टाकायचे, आतला लोखंडी पंजा फिरवायचा, बाहुली उचलली गेली तर आपली. शेजारच्या यंत्रात नाण्यांचा ढीग कडेवर असा लोंबकळत होता की आता पडेल, आताच पडेल. पहिल्या टोकनला पंजाने अस्वलाचा कान पकडला आणि सोडला. दुसऱ्याला पाय. "अब्बू, अजून एकदाच!" तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. खरे सांगायचे तर पुढची टोकने तिने मागितली नव्हती. आम्हीच काउंटरवर जाऊन आणली, एकदा नव्हे, दोनदा. 'एवढे गेले, आता सोडायचे कसे' हे वाक्य आमच्याच तोंडून निघाले. शेवटी अस्वल पडले, धाकटी नाचली, आम्ही टाळ्या वाजवल्या. यात आम्हाला कोणी फसवले नाही. दर समोर लिहिलेले होते.

बाकावर बसून पाहत असलेल्या अम्मींनी फक्त एवढेच विचारले, "कितीला पडलं?"

हिशेब केला. आपल्या पैशांत अठराशेच्या आसपास. तसलेच अस्वल दोन दुकाने सोडून चारशेला टांगलेले होते.

त्या रात्री खोलीत धाकटी अस्वलाला कुशीत घेऊन झोपली आणि थोरला आमच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काही बोलेना. मग मोबाइल पुढे केला. क्रिकेटचा संघ निवडून पैसे लावायचे एक ॲप. परीक्षेनंतरच्या सुट्टीत मित्रांबरोबर सुरू केले होते, आमच्याच नावावर, आमच्याच खात्यातून. एका वेळी ४९ रुपये. एकदा ३०० जिंकला होता, बाकी सगळे गेले होते. "दुपारी तुम्ही काउंटरवर गेलात ना, तसंच होतं," तो म्हणाला.

रागावण्याची आमची तयारी होती, पण त्याच्या या वाक्यानंतर रागावायचे कोणत्या तोंडाने? आमच्या नात्यातल्या एका मुलाने ऑनलाइन रमीत कॉलेजची फी घालवली, तेव्हा त्याच्या आईबापांबद्दल आम्हीच काय काय बोललो होतो, ते आठवले. त्यांचा मुलगा काय करतो हे त्यांना कसे कळले नाही, असे आम्ही विचारले होते. आम्हालाही कळले नव्हते.

ॲप त्याने आमच्यासमोर काढून टाकले. ते ३०० रुपये मात्र खात्यात होते. घरी आल्यावर आमच्या मशिदीच्या मौलानासाहेबांना विचारले. ते म्हणाले, हा पैसा स्वतःसाठी वापरू नका, सवाबची नियत न ठेवता एखाद्या गरजूला देऊन टाका. थोरल्याने स्वतः जाऊन दिले. कोणाला दिले ते त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

पुढे ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बातमी ऐकून थोरला म्हणाला, "आता सरकारनेच दार लावलं." अम्मी तस्बीह फिरवत होत्या. म्हणाल्या, "तिथंही दार लावलेलंच होतं की बेटा."

मागच्या रविवारी शहरातल्या मॉलमध्ये गेलो होतो. सरकत्या जिन्याजवळ अगदी तसेच काचेचे कपाट, तसाच पंजा, आत तसलीच अस्वले. धाकटी काचेला नाक लावून उभी राहिली. मग तिने वळून आमच्याकडे पाहिले. आमचा हात खिशाकडे जातो का, हेच ती पाहत होती.