बेथलेहेमच्या बंदरात तीन गलबते

नाताळच्या दिवसांत एखाद्या चर्चवरून जाताना किंवा आकाशवाणी ऐकताना एक झुलत्या ठेक्याचे इंग्रजी गीत आपल्या कानांवर कदाचित पडले असेल. ‘आय सॉ थ्री शिप्स’ हे त्याचे नाव. गाणारा सांगतो की, ख्रिस्तजन्माच्या दिवशी सकाळी त्याने तीन जहाजे येताना पाहिली. त्यांत कोण होते, असा प्रश्न येतो. ख्रिस्त आणि त्याची माता, असे उत्तर मिळते. जहाजे बेथलेहेमला निघाली आहेत, असेही कळते. मग पृथ्वीवर घंटा वाजू लागतात, स्वर्गात देवदूत गाऊ लागतात. चाल सोपी, शब्द मोजके. मुले दोनदा ऐकून म्हणू लागतात.

आता नकाशा उघडावा. बेथलेहेम हे जेरुसलेमच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर वसलेले गाव. भूमध्य समुद्र तेथून पन्नास-साठ किलोमीटर दूर, आणि जहाज चालेल अशी नदी आसपास नाही. तेथे गलबत लागावे तरी कोठे? शिवाय उतारू दोन आणि जहाजे तीन, हा हिशेबही जुळत नाही.

जाणकारांनी यावर नाना तर्क लढविले आहेत. सर्वांत रंजक तर्क जर्मनीतील कोलोन शहराकडे नेतो. बाल येशूच्या दर्शनास पूर्वेकडून मागी लोक आले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते किती होते हे तेथे सांगितलेले नाही; परंतु सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटींवरून त्यांची संख्या तीन ठरली आणि पुढे त्यांचे राजेही झाले. त्यांच्या म्हणून मानलेल्या अस्थी मिलान शहरात होत्या. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ते शहर जिंकल्यावर इ. स. ११६४ मध्ये आर्चबिशप रायनाल्ड याने त्या कोलोनला आणल्या. त्यांच्यासाठी घडविलेली सोन्याची पेटी तेथील कॅथीड्रलमध्ये आजही आहे. कोलोन ऱ्हाइन नदीच्या काठी असल्याने जहाजांची सोय होते आणि तीन राजांमुळे तीनाचा आकडाही जुळतो. पण मग गीतात बेथलेहेम का, आणि राजांऐवजी मायलेकरू का, याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा तर्क उंटांचा. उंटाला वाळवंटातील जहाज म्हणतात, हे आपण शाळेतच शिकतो. तेव्हा राजांचे तीन उंट म्हणजेच ही तीन जहाजे! तर्क चतुर आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. परंपरेने राजांच्या आगमनाचा दिवस ६ जानेवारी. गीत तर नाताळची सकाळ सांगते.

तिसरा अर्थ अधिक खोल आहे. ख्रिस्ती परंपरेत जहाज हे चर्चचे जुने प्रतीक होय. चर्चमधील मुख्य दालनाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज. इ. स. १६२६ मध्ये छापलेल्या एका जर्मन स्तोत्रात तर देवपुत्राला घेऊन येणारे भरलेले जहाजच वर्णिलेले आहे. तेथे मात्र जहाज एकच आहे. आपल्या संतांनी भवसागर आणि नामाची नौका इतक्यांदा गायिली आहे की, मराठी वाचकाला हा अर्थ परका वाटू नये.

तथापि प्रतीकांच्या मागे फार धावण्यापूर्वी गाणारे कोण होते ते पाहावे. विल्यम सँडिस याने १८३३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या संग्रहात हे गीत आहे, आणि त्या संग्रहात पश्चिम इंग्लंडातील लोकप्रिय गीते विशेषत्वाने घेतली आहेत. तो मुलूख दर्यावर्दी लोकांचा. याच ठेक्याचे एक बालगीतही आहे. त्यात नववर्षाच्या सकाळी जहाजांतून तीन सुंदर मुली येतात! म्हणजे जहाजे आणि सकाळ कायम, उतारू तेवढे बदलले. दूरचे, मोलाचे, वाट पाहायला लावणारे जे काही असेल ते समुद्रावरूनच यायचे, हा त्या माणसांचा अनुभव. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतील सीताही दळते, कांडते, सासुरवास सोसते. ती मिथिलेची राजकन्या आहे म्हणून कोणी ओवी थांबवीत नाही.

एका भाषेतला मजकूर दुसरीत आणणे हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्याची खरी अडचण येथे होते. ‘जहाज’ लिहावे तर वाचक नकाशा दाखवील. ‘उंट’ लिहावे तर गाण्यातला समुद्रच आटेल. मी जहाजच ठेवीन, आणि खाली टीपही देणार नाही. आपल्या मुलाने “डोंगरावर जहाज कसे गेले?” असे विचारले, तर तोच प्रश्न त्या गाण्यात बसून राहावा असे मला वाटते.

तीन राजे आणि जहाजे यांचा शेजार आपल्याही देशात आहे. गोव्यात पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावर रेईश मागूश येथे या राजांच्या नावाचे चर्च १५५५ मध्ये उभे राहिले. ६ जानेवारीच्या उत्सवात तीन मुले राजवेष करून घोड्यांवरून येतात. आणि पणजीकडे निघालेल्या होड्या नि गलबते खालच्या पाण्यातून पुढे सरकत असतात.