अभ्यासकाच्या बुटातील बी

देवगाव फाट्यावरून मंठा, सेलू, जिंतूर अशा कोणत्याही वाटेने निघावे, रस्त्याच्या कडेला गाजरगवत दिसतेच. कोणी त्यास काँग्रेस म्हणतात, कोणी चटकचांदणी. हे मूळचे अमेरिका खंडातील. तिकडून आलेल्या गव्हाबरोबर ते इकडे आले असे सांगतात; पुण्यातील त्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. एकेका झाडाला दहा-पंधरा हजार बिया धरतात, त्याही तिळाहून बारीक. त्याने अंगाला सुटणारी खाज आणि पिकाची होणारी नासाडी शेतकऱ्याच्या मुलांना मी काय सांगावी!

हे बी वाऱ्याने फार लांब जात नाही. लांबचा प्रवास ते चिखलातून, गाडीच्या चाकांतून आणि माणसाच्या पायांतून करते. येथेच आपला, म्हणजे क्षेत्रभेटीला जाणाऱ्यांचा, संबंध येतो. मंठ्यावरून पुढे लोणार आहे. २०२० च्या जून महिन्यात तेथील पाणी गुलाबी झाले, तेव्हा नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे व पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विवरातील जंगलात वेडी बाभूळ आधीच शिरलेली आहे. ती संशोधकांनी आणली असे मुळीच नव्हे. परंतु सामान्य यात्रेकरू पायवाटेने देवळापर्यंत जातो आणि परततो. अभ्यासक मात्र मुद्दाम वाट सोडून झाडीत व पाणथळीत शिरतो, आणि आठ दिवसांत चार ठिकाणे पाहतो.

ही शंका काल्पनिक नाही. २००७-०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट व पिशव्या तपासल्या गेल्या. अडीच हजारांहून अधिक बिया सापडल्या, आणि माणशी पाहता शास्त्रज्ञांजवळ त्या पर्यटकांपेक्षा जास्त होत्या!

उपाय अगदी साधे आहेत. निघण्यापूर्वी घरीच बुटांच्या खाचांतील माती जुन्या दातघासणीने काढावी. पँटची दुमड, मोज्यांची वीण आणि पिशवीचे तळाचे कोपरे उलटून पाहावेत. (या बाबतीत सहलीसाठी घेतलेल्या नव्या बुटांपेक्षा गुळगुळीत तळाची रबरी चप्पल बरी, एका तांब्यात धुऊन होते. काटा मात्र सांभाळावा.) पाण्यात बुडवलेली जाळी व बरण्या धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालू नयेत. नमुन्याची फांदी उघडी न नेता कागदात गुंडाळून पिशवीचे तोंड बांधावे. मार्ग आखताना गाजरगवत नसलेली जागा आधी पाहावी, माजलेली शेवटी. हे शेवटचे प्राध्यापक मंडळींच्या हातात आहे, कारण गाडी कोठे आधी थांबायची ते आपण ठरवीत नाही.

आणि आपली एक खास सवय. जेवायला सावलीत बसलो की आपण कपड्यांना चिकटलेली कुसळे नि बिया एकेक उपटतो आणि तेथेच टाकतो. त्या रुमालात किंवा कागदात गोळा करून घरी आणाव्यात व चुलीत घालाव्यात.