जुन्या लुगड्यांतून उभे राहणारे दान

घरोघरीच्या कपाटात, अगदी तळाशी, मलमलीत बांधलेली काही लुगडी असतात. ती नेसली जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. पूर्वी अशा वस्त्रांना दोन वाटा होत्या. मऊ सुती लुगड्यांची गोधडी होई. उरलेले बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याबदली भांडे घरात येई. आता गोधडी शिवणारे हात कमी झाले आहेत आणि बोहारीण इमारतीच्या फाटकाशीच थांबते. म्हणून या वस्त्रांना तिसरी वाट सापडली आहे: त्यांच्या पिशव्या शिवाव्यात, विकाव्यात आणि येणारी रक्कम दानकार्याला द्यावी. हौसेपुरते हे काम सोपे आहे. दानाच्या नावाने करायचे झाल्यास मात्र त्यात कापड, श्रम आणि पैसा या तिन्हींचा विवेक लागतो.

प्रथम कापडाविषयी. जुने वस्त्र सर्वत्र सारखे झिजत नाही. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, घडीवर रेशीम तुटते. काठ आणि पदर मात्र टिकून राहतात. त्यामुळे कात्री लावण्यापूर्वी वस्त्र हलक्या हाताने धुऊन, सावलीत वाळवून उजेडासमोर धरावे. जिथे उजेड आरपार दिसतो, तो भाग बाजूला काढावा. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. विरलेला भाग वगळूनही त्यातून बाजाराच्या आठ-दहा पिशव्या निघू शकतात. काठाचे दुहेरी पट्टे बंदांसाठी उत्तम. आत जाड सुती अस्तर द्यावे आणि बंद जिथे जोडले जातात तिथे चौकोनी, तिरपी दुहेरी शिवण घालावी, कारण पिशवी फाटते ती बहुधा तिथेच. चामड्याचे बंद आणि हाडाचे बटण या कामात अर्थातच वर्ज्य. लहान तुकडेही वाया जात नाहीत. नवकारवाळीची थैली, पोथीचे वेष्टन, कटासणे व मुहपत्ती ठेवण्याची पिशवी त्यांतून होते.

जुन्या पैठणीसारख्या वस्त्राबाबत घाई करू नये. तिची जर खऱ्या चांदीची आहे का, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे. चांदीची जर घेणारे व्यापारी असतात, आणि कधी कधी पिशवीपेक्षा जरीचेच मोल दानाला अधिक मिळते. अखंड, सुंदर विणीचे वस्त्र तर कापूच नये. ते जतन करावे किंवा अखंड स्थितीतच विकावे.

रेशमाचा प्रश्न याहून खोल आहे. अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतल्या जीवासह उकळले जातात, हे जाणून अनेक कुटुंबांनी रेशीम सोडले आहे. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून वस्त्र विणण्याची पद्धत रूढ केली, तीही याच वेदनेतून. मग आजीच्या रेशमी लुगड्याची पिशवी विकणे योग्य की अयोग्य? एक पक्ष म्हणतो, या वस्त्रासाठी नवी हिंसा होत नाही. असलेले वापरणे हाच संयम. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्या शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही भेद सांगितले आहेत. रेशमाची शोभा विकणे म्हणजे त्याची आवड जोपासणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. किमान मर्यादा इतकी की रेशमी पिशवीवर तसे स्पष्ट लिहावे आणि पूजा-सामायिकासाठीच्या पिशव्या केवळ सुती वस्त्राच्याच कराव्यात. घेणाऱ्याचा विवेक त्याच्या हाती राहिला पाहिजे.

दुसरा विषय श्रमाचा. मंडळातील भगिनी फावल्या वेळात शिवतात, ते श्रमदान. परंतु शिवणयंत्रावर ज्यांचे घर चालते, अशा साधर्मिक भगिनीकडून काम घेतले तर तिची मजुरी आधी चुकती करावी. त्यामुळे दानाची रक्कम घटते, अशी तक्रार होऊ शकते. पण हात न पसरता, कष्टाने मिळालेली मजुरी हीदेखील साधर्मिक भक्तीच होय. तिच्या घामावर दुसऱ्याचे दान उभारणे शोभणारे नाही.

तिसरा विषय पैशाचा, आणि तो व्यापारी घराण्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. व्यवहारावर ठरावीक धर्मादा घेऊन तो वहीत वेगळ्या खात्यावर ठेवण्याची आपली जुनी रीत. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, ग्राहकांकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्वाळा दिला. हाच न्याय पिशवीला लावावा. पिशवी विकली त्या क्षणी तो पैसा मंडळाचा नसून ज्याच्या नावाने मागितला त्याचा असतो. अस्तर, दोरा, मजुरी वजा जाता किती उरले आणि ते कोठे गेले, याचा हिशेब फलकावर लावावा.

हा पैसा जीवदयेकडे वळवण्यात विशेष औचित्य आहे. मुंबईत भुलेश्वरजवळ १८३४ मध्ये शेठ मोतीशा आणि सर जमशेदजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ संस्था उभी राहिली, ती निराधार जनावरांसाठी. आज रस्त्यावरच्या गायींच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या गोळा होतात. त्या पचत नाहीत, बाहेरही पडत नाहीत आणि शस्त्रक्रिया करूनच काढाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशा पिशव्यांवर बंदी घातली, तरी भाजीच्या गाडीवर त्या अजून दिसतात. कापडी पिशवी रोज हाती असेल तर गायीच्या पोटात जाणारे विष थोडे तरी घटते, आणि तिच्या किमतीतून आजारी जनावराचा चारा-औषधाचा खर्च निघतो.

चातुर्मास या कामाला सोयीचा. आषाढात वस्त्रे गोळा करून श्रावणात शिवण पूर्ण केली, तर पर्युषणात प्रभावना म्हणून वाटण्यास पिशव्या तयार असतात. घरोघरी आधीच पुरेशी असलेली स्टीलची वाटी देण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे. मात्र संख्या वाढावी म्हणून नवे कापड विकत आणू नये. जितकी जुनी वस्त्रे मिळतील, तितक्याच पिशव्या व्हाव्यात. उरलेल्यांना पुढच्या वर्षी.