शिवार आणि शहर : लेखांक ७ – शिराळ्यात ‘शिकार’ कशाला म्हणतात?

गेल्या आठवड्यात आपण बैलगाडी शर्यतींचा खटला पाहिला. २०१४ ची बंदी, मग राज्याचा कायदा आणि शेवटी १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल. त्या भांडणात दोन्ही बाजूंना प्रश्न तरी एकच दिसत होता : पळताना बैलाचे हाल होतात की नाही? आज सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याला जायचं आहे. इथे भांडण प्रश्नापर्यंत पोचलंच नाही, ते एका शब्दापाशीच अडलं.

शिराळा, जुन्या बोलण्यात बत्तीस शिराळा, मोरणा नदीकाठी वसलेलं आहे. रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. पश्चिमेला चांदोलीचं जंगल, भोवती भाताची आणि उसाची रानं. म्हणजे साप इथे रोजच्या वाटेवरचा. गावात गोरक्षनाथांची कथा सांगतात. नाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले, पण घरच्या बाईंना यायला उशीर झाला. कारण विचारलं तर कळलं, त्या मातीच्या नागाची पूजा करत होत्या. खऱ्या नागाची करशील का, असं नाथांनी विचारलं आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजला जाऊ लागला.

ही कथा बाईची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नागपंचमी बाईचाच सण. आदल्या दिवशी भावाचा उपास. पंचमीला चिरणं-कापणं नाही, तवा ठेवायचा नाही, रानात नांगर धरायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची, कारण उकडायला सुरी लागत नाही. सासुरवाशीण माहेरी येते, झाडाला झोका बांधते आणि नागाला भाऊ मानून ओवाळते. शिराळ्यात तो भाऊ खराखुरा दारात यायचा, एवढाच फरक.

त्याला आणायचं काम पुरुषांचं. पंचमीच्या आधी काही दिवस तरुण पोरं जाणत्या माणसाबरोबर रानात जायची. बिळाच्या तोंडाशी मातीवर उमटलेली रेघ, बांधावर अडकलेली कात, उंदरांची ये-जा, एवढ्यावरून नाग कुठे आहे ते ओळखायचं. मग बेतानं उकरायचं, नाग धरायचा, मडक्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचं. दात काढायचे नाहीत, तोंड शिवायचं नाही. पूजा झाली की जिथे धरला तिथेच नेऊन सोडायचा.

आता कायदा पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली. पण त्या कायद्यात शिकारीची व्याख्या ‘मारणे’ एवढ्यावर थांबत नाही. पकडणं, सापळ्यात अडकवणं, हाकून बाहेर काढणं, आमिष दाखवणं, हे सगळं तिच्यात येतं. व्याख्या इतकी रुंद करण्यामागे कारण होतं. कातड्यासाठी, विक्रीसाठी, खेळासाठी जनावर जिवंतच पकडलं जायचं. फक्त मारण्यावर बंदी घातली असती तर हा सारा व्यापार मोकळा सुटला असता.

शिराळ्यातल्या माणसाच्या कानावर मात्र हा शब्द शिवीसारखा पडला. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका म्हाताऱ्या आजींशी बोलत होते. त्या म्हणाल्या, “आमी शिकारी व्हय? आमच्या घरात नाग निघाला तर त्येला काठी न्हाई लावली कवा. सगळीकडं ठेचत्यात, आमी हात जोडतो.” आजींचं म्हणणं अजिबात पोकळ नाही. साप दिसला की मारायचा, ही अजूनही गावोगावची आणि शहरातल्या सोसायट्यांचीही पहिली प्रतिक्रिया आहे. जिथे तो मारायचा नाही असं ठरलं होतं, त्याच गावावर शिकारीचा ठपका आला.

मग गाव निर्दोष होतं का? नव्हतं, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं. मी शाळेत असताना सांगलीहून एसटीने ही मिरवणूक बघायला गेले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मडकी, मंडळांचे झेंडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी. कोणाचा नाग सर्वांत लांब, कोणाचा फणा सर्वांत उंच, याच्या स्पर्धा. डोलणारा नाग पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या. तो डोलत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. फणा ही नागाची धमकी असते. समोर हलणाऱ्या हाताकडे तो तोंड करून राहतो, कारण त्याला तिकडून धोका वाटतो. फणा ज्याचा सर्वांत उंच, तो बहुधा सर्वांत घाबरलेला. नागाला बाहेरचा कान नाही, पण जमिनीतून आलेला हादरा त्याला साऱ्या अंगाने जाणवतो. डॉल्बीच्या भिंतीपुढे त्याचं काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी. दूध हे त्याचं अन्नच नाही.

पण ती गर्दी कोणाची होती? गावाची थोडी, बाहेरची जास्त. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, परदेशी कॅमेरे आले आणि अंगणातल्या पूजेपेक्षा रस्त्यावरचा फणा मोठा झाला. आधी एक शहर बघायला आलं. मग दुसरं शहर थांबवायला आलं. पहिल्याने टाळ्या दिल्या, दुसऱ्याने नोटीस. उंबऱ्यात ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईशी बोलायला दोघांपैकी कोणी थांबलं नाही. माझा राग कायद्यावर नाही, या न थांबण्यावर आहे. स्पर्धा आणि मिरवणूक एका बाजूला, घरची पूजा आणि सापाची जाण दुसऱ्या बाजूला, असा निवाडा गावाबरोबर बसून आधीच करता आला असता. तसं न झाल्याने सगळं एकाच गाठोड्यात बांधलं गेलं आणि गावही सगळ्याचाच बचाव करत बसलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ पासून शिराळ्यात नागाच्या प्रतिमेची पूजा सुरू झाली. पंचमीला पोलिसांचा आणि वनखात्याचा बंदोबस्त लागू लागला. पुढे हा निवडणुकीचा विषय झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी शिराळ्यातल्या प्रचारसभेत परंपरा पुन्हा सुरू करण्याचं आश्वासन दिलं. २०२५ च्या पंचमीला केंद्राने २१ जणांना नाग पकडण्याची परवानगी दिली, ती शिक्षणासाठी आणि पारंपरिक ज्ञानासाठी. मिरवणुकीसाठी किंवा स्पर्धेसाठी नव्हे. वाट नवी नाही. याच कायद्याच्या बाराव्या कलमात शिक्षण, संशोधन आणि औषधासाठी विष गोळा करणं, यांकरिता परवान्याची सोय आहे.

त्या कलमाचं काय करता येतं, हे तमिळनाडूत दिसतं. इरुला हे तिथले साप पकडणारे आदिवासी. पूर्वी कातड्याच्या व्यापारासाठी ते साप धरत. १९७२ च्या कायद्याने त्यांचं पोट बंद झालं. मग सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप धरायचे, विष काढायचं आणि काही आठवड्यांनी साप सोडून द्यायचे. देशातल्या सर्पदंशावरच्या लशीसाठी लागणारं विष मुख्यतः तिथून येतं. वडिवेल गोपाल आणि मासी सदाइयन हे दोघे इरुला २०१७ मध्ये अजगर शोधायला अमेरिकेतल्या फ्लोरिडात बोलावले गेले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यात शिराळ्यासाठी आणखी एक धागा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, रानात राबणारी. आणि नागाचं विष सगळीकडे सारखं नसतं. प्रदेश बदलला की त्याचा गुण बदलतो. एका भागातल्या विषावर बेतलेली लस दुसऱ्या भागात तितकी चालेलच असं नाही. म्हणून निरनिराळ्या भागांतलं विष गोळा व्हायला हवं, असं शास्त्रज्ञ सांगतात. वारणा-मोरणेच्या खोऱ्यातला नाग कुठल्या बांधात बसतो, हे शिराळ्यातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. त्यांचे केस पांढरे झाले आहेत आणि २०१४ नंतर वाढलेल्या पोरांनी ते बीळ कधी वाचलेलं नाही.