जुन्या गाडीचा करंट जातो कुठे?

जुन्या मोटरसायकलचा लाइट मंद झाला, हॉर्न घोगरा वाजायला लागला, की आपण आधी बॅटरी बदलतो. मग रेग्युलेटर. शेवटी कोणीतरी सांगतं, वायरिंगचा अख्खा सेटच टाका. पैसे जातात आणि पावसाळ्यात दुखणं परत उभं राहतं. कारण दोष बऱ्याचदा या वस्तूंमध्ये नसतोच. तो असतो दोन वायरी जिथे भेटतात तिथे, गॅरेजमध्ये ज्याला कपलर म्हणतात त्या प्लास्टिकच्या जोडात.

थोडं गणित करू. १२ व्होल्टची बुलेट, ६० वॉटचा बल्ब, म्हणजे ५ अँपिअर करंट. कपलरमधल्या पितळी पिनेवर हिरवा थर चढला आणि तिथे ०.३ ओमचा अडथळा झाला, तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने उतरतो. दीड व्होल्ट गेला की साधारण एक तृतीयांश उजेड गेला. आणि साडेसात वॉटची उष्णता त्या बोटाच्या पेराएवढ्या जोडात साठते. तपकिरी पडलेला, कडेने वितळलेला कपलर पाहिलाय ना? तो असा भाजतो. चेन्नई, मुंबई, गोवा अशा किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हा थर लवकर चढतो.

म्हणून सामान घेण्याआधी मोजा. साधा मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाइट चालू असताना एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या प्लस पिनेला लावा. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्याच्या वर असेल तर जोड आणि स्विच तपासा. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बचा अर्थ यांच्यामध्ये तसंच मोजा. हा भाग लोक सोडून देतात, आणि माझ्या मते निम्मं दुखणं अर्थिंगमध्येच असतं. एक लक्षात ठेवा: इंजिन बंद असताना तुमचा हेडलाइट लागतच नसेल, तर तो बहुधा मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. अशा गाडीत ही चाचणी ब्रेक लाइटवर करा.

आता सफाई. आधी बॅटरीचा मायनस काढा, मग प्लस. उलटं केलंत आणि प्लस सोडवताना पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडेल. जोडताना आधी प्लस. कपलर उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा; जुन्या गाडीत कोणी कुठल्या रंगाची वायर घातलीय, सांगता येत नाही. लॉक दाबून कपलरला धरून ओढा, वायरीला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या. पेट्रोलने धुऊ नका. वाफ राहते आणि ठिणगी केव्हाही पडू शकते. पॉलिश पेपर अगदी शेवटचा उपाय, कारण पिनेवरचा कथिलाचा मुलामा निघाला की गंज लवकर परततो. मादी पिन सैल झाली असेल तर पकडीने हलकेच दाबा. सैल पिन कितीही चकचकीत केली तरी तापणारच. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोडून झाल्यावर टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

अर्थिंगचा बोल्ट खोला. गाडी नव्याने रंगवली असेल तर रिंगखाली रंगाचा थर सापडेल, आणि रंगातून करंट जात नाही. तेवढी जागा खरवडून धातू उघडा करा, बोल्ट घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वळतात. वरचं रबर शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं तिथे होतं. इंजिन चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. दिवा मिचकावला तर जागा सापडली. नुसत्या पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडांवर विश्वास ठेवू नका. उन्हात डिंक वितळतो, टेप सुटते. नीट दाबून बसवलेला लग किंवा सोल्डर, वर हीट श्रिंक नळी.

आणि फ्यूज जळत असेल तर चांदी कागद किंवा जाड तार लावून काम भागवू नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि टाकी तिथून हातभर अंतरावर असते.